संवत १९५१ ची मार्टिनी: एका नेपाळी रायफलीचं प्रकरण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्थायिक झालेले, मूळचे कोल्हापूरकडचे एक निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ब्रिटिशांच्या एकबारी रायफली आणि कार्बाइन (घोडदळासाठीच्या आखूड रायफली) जमवायचा छंद त्यांनी निवृत्तीनंतर लावून घेतला. एका इस्टेट लिलावात त्यांनी एक रायफल घेतली. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘ब्रिटिश मार्टिनी-हेन्री, झुलू युद्धाच्या काळातली’. रायफलीवर वंगण, धूळ आणि काजळी यांचा इतका जाड थर होता की लाकूड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. घरी आणून नळीच्या मागच्या पैलूदार भागावर त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, तर मुकुट किंवा ‘व्ही. आर.’ (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) दिसायच्या ऐवजी देवनागरी अक्षरं दिसली. सुरुवातीला ‘श्री’, मग अर्धवट झिजलेलं एक नाव, एक क्रमांक आणि शेवटी १९५१.

त्यांचा फोन आला. “अरे, ही १९५१ सालची निघाली. फसलो की काय मी?”

प्रश्न वरवर एकच होता, पण त्याच्या पोटात तीन होते. रायफल कधी बनली? ती मुळात ब्रिटिश आहे का? आणि काकांच्या मनात होतं तसं तिच्यातून काळ्या दारूची चार काडतुसं उडवता येतील का? पहिला प्रश्न कायद्याचाही होता. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक प्राचीन मानली जाते आणि तिच्या खरेदी-विक्रीला आधुनिक शस्त्रांचे नियम लागत नाहीत. १९५१ ची असेल तर सगळं गणितच बदलतं. राज्याचा कायदा वेगळा आणि अनेकदा जास्त कडक असतो. तो काकांनी स्वतंत्रपणे वकिलाला विचारला.

सन कुठला?

देवनागरी वाचता येणाऱ्यालाही इथे अडखळायला होतं, कारण आकडे ओळखीचे असले तरी कालगणना ओळखीची असेलच असं नाही. १९५१ या आकड्याकडे तीन तऱ्हांनी पाहता येतं. इसवी सन धरला तर १९५१. पण त्या साली कुठल्याही देशाचं सैन्य काळ्या दारूची, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल नव्याने घडवत नव्हतं. शालिवाहन शक धरला, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन २०२९ येतो. तो अजून उजाडायचा आहे. राहिला विक्रम संवत. त्यातून ५७ वजा केले की १८९४. नेपाळात विक्रम संवताचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. म्हणून संवत १९५१ म्हणजे एप्रिल १८९४ ते एप्रिल १८९५.

शकाचा विचार मी मुद्दाम केला. त्या काळच्या नेपाळी नाण्यांवर शकवर्ष घातलेलं असे. नाणी जमवणाऱ्या माणसाच्या हाती अशी रायफल आली तर तो सवयीने ७८ मिळवेल. १९५१ मध्ये ती चूक लगेच उघडी पडते, पण झिजलेल्या बंदुकीवर दोनच आकडे उरले असतील तर पडत नाही. म्हणून नियम असा ठेवावा: आधी बंदुकीची रचना पाहून ती कुठल्या दशकातली असू शकते ते ठरवायचं, आणि मग कोरलेला आकडा कुठल्या कालगणनेत त्या दशकाशी जुळतो ते पाहायचं. कोरीव आकडा रचनेच्या पुढे जाऊन काहीही सिद्ध करत नाही.

काकांनी इंजिनिअरला शोभेल अशी शंका काढली. “हा आकडा बनवण्याचा कशावरून? दुरुस्तीचा किंवा पलटणीत वाटपाचा असेल तर?” शंका बरोबर आहे, पण कायद्याच्या प्रश्नापुरती ती आपल्याच बाजूने जाते. तारीख वाटपाची असेल तर बंदूक त्याहून जुनी. दुरुस्तीची असेल तरीही जुनीच. धोका एकाच ठिकाणी होता. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा रिसिव्हर, ज्यात यंत्रणा बसते तो लोखंडी गाभा. नळी १८९४ ची आणि रिसिव्हर नंतर कधीतरी बदललेला असेल, तर नळीवरच्या आकड्याचा उपयोग नाही.

म्हणून रायफल उघडावी लागली. (त्याआधी ती भरलेली नाही ना, हे पाहिलं. लीव्हर खाली ओढून मागून डोळ्यांनी, आणि पुढून लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालून. सव्वाशे वर्षं पडून असलेल्या बंदुकीबाबतही हे पहिलं काम. ठासणीच्या बंदुका तर आतल्या दारूगोळ्यासकट सापडतात.) ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा), लीव्हर आणि चापाच्या पट्टीवर, आणि रिसिव्हरच्या खालच्या बाजूला, नळीवरचाच क्रमांक देवनागरीत बारीक छिन्नीने मारलेला होता. म्हणजे हे सगळे भाग एकाच रायफलीसाठी घडवले गेले आणि एकत्रच राहिले. तारखेचा प्रश्न इथे सुटला.

मग ही आहे तरी काय?

मार्टिनी-हेन्री ही खरं तर तीन देशांतल्या डोक्यांची रचना. खाली पडणाऱ्या ब्लॉकची कल्पना बोस्टनच्या हेन्री पीबडीची, पण त्याच्या बंदुकीला बाहेरचा घोडा होता. स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्ड इथे काम करणाऱ्या फ्रिडरिश फॉन मार्टिनीने तो घोडा काढून टाकला आणि स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई, व त्याची गुंडाळी स्प्रिंग ब्लॉकच्या पोटात घातली. नळीची सात खोबणींची आटेदार रचना एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी ती स्वीकारली. लीव्हर खाली ओढला की ब्लॉकचं पुढचं टोक खाली जातं, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि त्याच हालचालीत स्ट्रायकर ताणला जातो. नवं काडतूस सरकवा, लीव्हर वर घ्या, चाप ओढा. सरावलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा फैरी झाडू शके. .५७७/४५० या तिच्या काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, कागद गुंडाळलेली शिशाची गोळी असे.

अस्सल ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीच्या रिसिव्हरच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली व्ही. आर., मग कारखान्याचं नाव, वर्ष आणि मार्क क्रमांक, म्हणजे कितवी सुधारित आवृत्ती ते, असतो. कारखाना म्हणजे एनफील्ड, किंवा बर्मिंगहॅमची बी. एस. ए., नॅशनल आर्म्स अँड अॅम्युनिशन, लंडनची एल. एस. ए. वगैरे. काकांच्या रायफलीवर यातलं काहीच नव्हतं. तिथे काही खोडल्याच्या खुणाही नव्हत्या, आणि हे महत्त्वाचं. खोडलेलं लोखंड थोडं बसकं होतं, तिरप्या उजेडात तिथे खळगा दिसतो. इथे पृष्ठभाग सलग होता आणि त्यावर कानशीचे लांब, हाताने मारलेले पट्टे होते.

निर्णायक पुरावा पोटात सापडला. ब्लॉकमध्ये गुंडाळी स्प्रिंग नव्हती. तिच्या जागी चपटी पट्टी स्प्रिंग. बाहेरून मार्टिनी आणि आतून वेगळी, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या सुधारित मार्टिनीच्या वळणावर जाणारी, सगळे भाग हाताने बसवलेले आणि देवनागरीत क्रमांकित. म्हणजे ही गहेंद्र रायफल. नेपाळचे पंतप्रधान वीर शमशेर यांचे चिरंजीव जनरल गहेंद्र शमशेर राणा यांच्या नावाने ओळखली जाणारी, नेपाळातच घडवलेली.

काकांचा चेहरा पडला. झुलू युद्धातल्या इसांडलवाना आणि रॉर्क्स ड्रिफ्टच्या १८७९ च्या लढायांची रायफल भिंतीवर लावायची म्हणून त्यांनी पैसे मोजले होते. मला मात्र त्या क्षणी आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. लाखोंच्या संख्येने यंत्रावर बनलेल्या ब्रिटिश मार्टिनीपेक्षा ही बंदूक जास्त बोलते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

नेपाळला हे का करावं लागलं

१८५७ च्या उठावात नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः फौज घेऊन लखनौवर ब्रिटिशांच्या मदतीला गेला. (त्याच धामधुमीतून निसटलेल्या नानासाहेब पेशव्यांना आसरा घ्यावा लागला तोही नेपाळच्याच तराईत.) एवढी मदत करूनही ब्रिटिश नेपाळला नवी शस्त्रं सढळ हाताने देत नव्हते. मित्र असला तरी शेजारी राजा आपल्याइतका सज्ज असू नये, हे धोरण उघड होतं.

हेच धोरण आपल्याकडच्या शिपायांबाबतही होतं. उठावानंतर हिंदी पलटणींना शस्त्र द्यायचं ते गोऱ्या पलटणींपेक्षा एक पायरी मागचं. १८६८ ची इथिओपियातली मगदला मोहीम मुंबईहून निघाली, मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर तिचं नेतृत्व करत होता. त्या मोहिमेत गोऱ्या पलटणींच्या हाती नवी कोरी, मागून काडतूस भरायची स्नायडर होती, हिंदी शिपायांच्या हाती ठासणीच्या बंदुका. बारा वर्षांनी, २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत तेच पुढच्या पायरीवर दिसतं. ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री आणि तिच्या बाजूला लढणाऱ्या पहिल्या बॉम्बे ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. स्नायडर वाईट बंदूक नव्हती, पण तिचं झाकण उजवीकडे उघडून मागे ओढायचं, मग बंदूक कलती करून रिकामं काडतूस खाली पाडायचं, अशी तिची चाल. समोरून गाझी (धर्मयुद्ध म्हणून लढणारे अफगाण) धावून येत असताना ही प्रत्येक जादा हालचाल शिपायाच्या जिवावर बेतत होती. ब्रिटिश एकबारी बंदुका जमवणाऱ्या मराठी माणसाने हे डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचे लोक ज्या लढायांत मेले तिथे त्यांच्या हातात मार्टिनी नव्हती. म्हणून धुळीने माखलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या स्नायडरकडे आपण जास्त आदराने पाहायला हवं.

नेपाळकडे मात्र स्वतःचे कारागीर आणि स्वतःची भट्टी होती. मिळतं ते घ्यायचं आणि मिळत नाही ते घडवायचं, हा मार्ग राणा घराण्याने निवडला. गहेंद्र रायफल त्यातूनच आली. दोन नळ्यांची, हाताने फिरवायची विरा मशीनगन हीदेखील गहेंद्रांच्याच कल्पनेतली. या बंदुका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फौजेत होत्या. पुढे नव्या रायफली आल्या तसा जुना माल काठमांडूतल्या लगन सिलेखान्यात (शस्त्रागारात), एका जुन्या राजवाड्यात, एकावर एक रचत गेला आणि तिथेच राहिला.

२००३ मध्ये इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन अमेरिकी कंपन्यांनी हा साठा नेपाळच्या फौजेकडून विकत घेतला. पन्नास हजारांहून अधिक बंदुका, असं घेणाऱ्यांनीच जाहीर केलं. ब्राउन बेस, ब्रन्सविक, एनफील्ड, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, गहेंद्र, शिवाय तोफा आणि संगिनी. त्यातल्या पुष्कळशा ‘जशा आहेत तशा’, थरासकट विकल्या गेल्या. त्या हातोहात फिरत फिरत मूळ कागदपत्रांपासून तुटल्या आणि कुणीतरी आकार पाहून ‘ब्रिटिश मार्टिनी’ अशी चिठ्ठी चिकटवली. काकांच्या बाबतीत असंच झालं असावं. विकणाऱ्याने जाणूनबुजून फसवलं असं मानायला आधार नव्हता. थराखाली काय आहे हे त्यानेही पाहिलं नसणार.

थर काढताना

इथे काकांचं आणि माझं खरं मतभेदाचं प्रकरण झालं. काकांच्या गॅरेजमध्ये तारेचा ब्रश लावलेलं ग्राइंडर होतं. “अर्ध्या तासात लखलखीत करतो,” ते म्हणाले. आयुष्यभर यंत्रं नवी करणाऱ्या माणसाला गंजलेलं लोखंड बघवत नाही, हे मला समजतं. पण जुन्या लोखंडावरचा तपकिरी-काळा पापुद्रा हाच त्या बंदुकीच्या वयाचा पुरावा असतो. चाकाने तो तासला की कानशीचे पट्टे जातात, कोरीव अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि दीड मिलिमीटरही खोल नसलेले क्रमांक कायमचे पुसले जातात. एकदा पुसले की ते परत आणायचा उपाय नाही. नव्याने कोरणं ही तर सरळ बनवेगिरी.

शेवटी ठरलं ते असं. आधी चारही बाजूंनी फोटो, थरासकट. मग मिनरल स्पिरिट लावलेली सुती फडकी रात्रभर गुंडाळून ठेवायची, थर मऊ होऊ द्यायचा, आणि बांबूच्या काड्यांनी व जुन्या टूथब्रशने सोडवायचा. लोखंडी हत्यार लोखंडाला लावायचं नाही. जिथे लाल, जिवंत गंज आहे तेवढ्याच जागी तेलात बुडवलेला सर्वात बारीक ब्राँझ वूल, तोही हलक्या हाताने. लाकडावर पाणी नाही आणि सँडपेपर तर नाहीच. दस्त्याच्या कडांना पडलेले खाचे आणि कुणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेली पकड तशीच ठेवायची. सुकलेल्या लाकडाला जवसाचं तेल, पातळ, बोटाने चोळून, आणि उरलेलं लगेच पुसून.

स्क्रूंचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण अर्ध्याअधिक जुन्या बंदुका तिथे खराब होतात. हाताने बनवलेल्या स्क्रूची खाच आजच्या कुठल्याही पेचकसाच्या मापाची नसते. भलतं पातं घातलं की खाचेची कड उडते आणि पुढच्या माणसाला कळतं की कुणी अडाण्याने ही उघडली होती. काकांनी इथे कमाल केली. त्यांनी प्रत्येक खाचेच्या मापाने स्वतः पाती घासून घेतली. चार स्क्रू न हलणारे निघाले. त्यांना भेदक तेल लावून आठवडाभर तसंच सोडलं, जोर केला नाही. त्यांतले तीन सुटले. चौथा अजून जागच्या जागी आहे आणि तिथेच राहू द्यायचा असं ठरलंय.

अक्षरं वाचण्यासाठी खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवा धरला. झिजलेलं कोरीव काम समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही, आडव्या उजेडात सावल्या पडतात आणि रेषा उठून येतात. वर टाल्कम पावडर हलकी फिरवून पुसली की ती खाचांत राहते. ‘श्री’ नंतरच्या नावाचा पहिला भाग ‘काली’ असा लागला. पुढचा अर्धा भाग गेलेला. काली बहादुर आणि काली बक्स अशा दोन पलटणी नेपाळी फौजेत आहेत, त्यामुळे त्यांतली कुठली हे लोखंडावरून सांगता येत नाही. काकांनी नोंदीत ‘काली…’ एवढंच लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली. संग्राहकाने असंच करावं. रिकामी जागा ठेवण्याची शिस्त नसलेले लोकच पुढे दंतकथा तयार करतात.

कार्बाइनचा प्रस्ताव

याच सुमारास काकांच्या ओळखीच्या एका संग्राहकाने अदलाबदल सुचवली. नेपाळी रायफल द्या, मी मार्टिनीची घोडदळाची कार्बाइन देतो, अफगाणिस्तानात नोकरी केलेल्या सैनिकाने तिथल्या बाजारातून आणलेली. कार्बाइनवर मुकुट, व्ही. आर., एनफील्ड, सगळं होतं. काकांना मोह झाला. ब्रिटिश शिक्का हवा होता तो मिळत होता, आणि कार्बाइन तशीही दुर्मिळ.

तिचे फोटो मागवले. मुकुटाखाली व्ही. आर. आणि त्याखाली वर्ष १९०४. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला वारली. तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी एनफील्डमध्ये तिचं आद्याक्षर कुणी ठोकणार नाही. ‘एनफील्ड’ मधला रोमन एन उलटा होता, म्हणजे साचा मारणाऱ्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तो आकाराची नक्कल करत होता. मुकुटाचे मोती एका बाजूला कललेले. नळीची लांबीही चुकलेली. ब्रिटिश घोडदळाच्या कार्बाइनची नळी एकवीस इंचांहून थोडी जास्त असते, हिची त्याहून दोन इंच आखूड. ही पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या किंवा तशाच कुठल्या पठाणी कारागिराची बनावट. तिथल्या लोहारांचं हस्तकौशल्य थक्क करणारं असतं, यात शंका नाही. पण ती वस्तू दुसऱ्याचं नाव घेऊन उभी आहे, आणि ‘अस्सल’ म्हणून विकली की खोटी ठरते.

इथेच काकांच्या रायफलीची किंमत त्यांना कळली असं मला वाटतं. दोन्ही बंदुका हिमालयाच्या आणि हिंदुकुशच्या कुशीत, हाताने, ब्रिटिश नमुना समोर ठेवून घडवलेल्या. एकीवर दुसऱ्याच्या राणीचा खोटा शिक्का, दुसरीवर स्वतःच्या देवाचं, स्वतःच्या पलटणीचं नाव आणि स्वतःच्या पंचांगातलं वर्ष. काकांनी अदलाबदल नाकारली. ‘नाही’ म्हणताना त्यांनी समोरच्याला कार्बाइनबद्दलची कारणंही नीट समजावून सांगितली. तेही योग्यच केलं, कारण ती व्यक्तीही बहुधा प्रामाणिकपणे तिला अस्सल समजत होती.

उडवायची का?

नाही. यावर मी ठाम राहिलो आणि काकांनी ते मानलं.

अस्सल ब्रिटिश मार्टिनी-हेन्री चांगल्या स्थितीत असेल, बंदुकांच्या जाणकार कारागिराने तपासली असेल, तर काळ्या दारूच्या हलक्या भारावर आजही लोक ती चालवतात. तिच्या पोलादाची प्रत ठरलेली होती आणि दाबाच्या चाचणीचे शिक्के नळीवर असतात. तिचं दुखणं काडतुसात होतं. पितळी पत्र्याची गुंडाळी असलेलं जुनं काडतूस गरम नळीत चिकटे, सुदानात १८८५ च्या अबू क्लेआच्या लढाईनंतर त्याबद्दल ओरड झाली, मग ओढीव पितळेची नळकांडी आली आणि मार्क चारला लीव्हर लांब दिला गेला, ओढायला जोर मिळावा म्हणून.

गहेंद्रची गोष्ट वेगळी. प्रत्येक नळी भट्टीत घडवलेली, प्रत्येकीचं लोखंड वेगळं, आत कुठे मळी अडकली आहे कुठे नाही ते बाहेरून दिसत नाही. चाचणीचा शिक्का नाही. ब्लॉक आणि काडतुसाच्या बुडामध्ये किती फट आहे हे एका रायफलीत एक तर दुसरीत दुसरं. काकांनी साध्या फीलर गेजने (फटी मापायच्या पातळ पट्ट्यांनी) ती मापली आणि आकडा पाहून स्वतःच गेज खाली ठेवला. नळीचा एक्स-रे काढून पाहू, हलका भार घालू, असे पर्याय सुचवणारे भेटतात. पण एका फैरीच्या हौसेसाठी नळी फुटली तर चेहरा आणि बोटं जातात, आणि त्याबरोबर जगात एकच असलेली ती वस्तूही जाते.

आता ही रायफल काकांच्या बैठकीत भिंतीवर आहे. जवळ छोटी पाटी: गहेंद्र रायफल, नेपाळ, संवत १९५१. लिलावातली जुनी चुकीची चिठ्ठी फेकली नाही. ती पाकिटात घालून नोंदवहीत ठेवली, कारण बंदूक कुठून कशी हाती आली याचा तोही पुरावा. नोंदवहीत क्रमांक, प्रत्येक भागावरच्या खुणा, मापं, आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि काय काय केलं व काय मुद्दाम केलं नाही, ते लिहिलंय. विम्यासाठी किंमत लावून घेतली तेव्हा ती स्वच्छ शिक्क्यांच्या ब्रिटिश मार्क दोनपेक्षा कमीच आली. बाजार अजून राणीच्या मुकुटाला जास्त पैसे देतो. माझ्या मते हा बाजाराचा आंधळेपणा आहे. हे साठे एकदाच बाहेर आले, पुन्हा येणार नाहीत, आणि गॅरेजमधल्या तारेच्या चाकांनी त्यातल्या किती बंदुकांवरची देवनागरी आधीच खाल्ली असेल या विचाराने वाईट वाटतं.

मध्यंतरी कोल्हापूरहून काकांच्या पुतण्याचा फोन आला. घरच्या जुन्या वाड्यात लावायला रायफल पाठवता का, म्हणाला. ते सोपं नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातून कालबाह्य किंवा पुरातन मोलाचं हत्यार वगळलेलं आहे, पण ते दुरुस्ती करून किंवा न करता, कशाही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. काकांची रायफल यंत्रणेसह पूर्ण आहे, त्यामुळे ती त्या सवलतीत बसत नाही आणि आणायची तर आयातीचा परवाना लागतो. सवलतीत बसवण्यासाठी नळी बुजवणं किंवा ब्लॉक कापणं काकांना मान्य नाही, मलाही नाही. शिवाय एकदा भारतात आली की शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून १९७२ चा पुरावस्तू कायदा तिला लागू शकतो, आणि मग ती परत नेणं जवळपास अशक्य. पुतण्याला कोरीव अक्षरांचे मोठे फोटो आणि नोंदवहीची प्रत पाठवली. त्याने ‘काली…’ पुढच्या अक्षराच्या उरलेल्या एका काठीवरून ते ‘ब’ असावं असं कळवलं. पण ‘बहादुर’ आणि ‘बक्स’ दोन्हींची सुरुवात ‘ब’नेच होते, तेव्हा नोंदीतली ती जागा अजून मोकळीच आहे.